करीच्या दिवशी शुद्धीत कोण होतं

रामरावाच्या जिपेनं माणूस उडवला तो पोळ्याच्या करीला, भरदुपारी, नागपूर रस्त्यावर, तिवस्याच्या अलीकडं. घटकाभरात बातमी गावात आली आणि पारापासून पिठाच्या गिरणीपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य: बरं झालं ब्वा, धर्मपाल पीत नाही. उडवलेल्या माणसाचं कोणी नाव घेईना. तो जगला की मेला, तेही कोणी विचारीना. धर्मपाल पीत नाही, याचाच गावाला कोण आनंद! केशरबाईनं हे हापशीवर ऐकलं आणि तिची तळपायाची आग मस्तकात गेली. धर्मपाल तिचा नवरा. तो पीत नव्हता ते काही रामरावाच्या सोयीसाठी नव्हतं.

करीचा दिवस काय असतो हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण बाहेरचा कोणी असेल तर त्यानं ऐकावं. पोळ्याला बैलांचा मान. त्यांना आंघोळ, खांद्याला हळद-लोणी, तोंडात पुरणपोळीचा घास. बैलांचं झालं की दुसऱ्या दिवशी कर, म्हणजे माणसांचा सण. घरोघरी मटण शिजतं, बाटल्या उघडतात आणि दुपार कलायच्या आत गडी, मालक, पुढारी सगळे एका रांगेत आडवे. गावात अशी समता वर्षातून एकदाच नांदते. त्या दिवशी शुद्धीवरचा बाप्या शोधायचा तर एकच सापडायचा, बौद्धवाड्यातला धर्मपाल, रामरावाचा सालदार. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. नांगर धरायचा, ट्रॅक्टर हाकायचा, मालकाची जीपही चालवायची, आणि मालक म्हणेल त्याला होय म्हणायचं.

साल तरी कसलं होतं ते! कापसाला भाव नाही, पावसानं पाठ फिरवलेली, घराघरात माणसं खचलेली. टीव्हीवाल्यांच्या गाड्या धूळ उडवत यायच्या, रडणाऱ्या बाया पाहून जायच्या. पण हायवेवर फाट्याफाट्याला बियर बार उगवत होते. पेरणी फसली तरी बार काही फसला नाही. रामरावाचं तिवस्यात बी-बियाण्याचं दुकान, त्याचं बरं चाललं होतं. करीच्या दिवशी तो आपल्या धंद्यातल्या दोस्तांना घेऊन अशाच एका बारमध्ये बसला होता, आणि धर्मपाल बाहेर निंबाखाली जिपेजवळ उभा होता.

हाच धर्मपाल एके काळी असा प्यायचा, की संध्याकाळी तो बैलांना घरी आणायचा नाही, बैलच त्याला आणायचे. पोरगी पायल तेव्हा चौथीत होती. केशरबाईनं नवऱ्याच्या विनवण्या केल्या नाहीत. तिनं वाड्यातल्या बाया गोळा केल्या, हातात सब्बल घेतली आणि नाल्याकाठची हातभट्टी मडक्यासकट फोडली. भट्टीवाल्याच्या शिव्या खाल्ल्या, पोलिसांचा दम खाल्ला. मग बुद्धपौर्णिमेला नवऱ्याला विहारात सगळ्यांपुढं उभं करून पंचशील घ्यायला लावलं आणि सांगितलं, पाचवं शील, दारू न पिण्याचं, मोडलं त्या दिवशी मी तुमची नाही. त्यानंतरचे दिवस ज्यानं पाहिले त्यालाच माहीत. तो थरथर कापायचा, ओकायचा, रात्री दाराकडं धावायचा, आणि ही उंबऱ्यात आडवी झोपायची. असा एक माणूस तिनं बाटलीतून ओढून काढला होता. आता त्याच्या कोऱ्या रक्तावर रामराव डोळा ठेवून होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

धर्मपाल घरी आला तो शर्ट बदलायला. खाली मान घालून त्यानं झालेलं सांगितलं. दोस्त आपापल्या गाड्यांनी गेले आणि बारमधून निघताना रामरावानं त्याच्या हातातून चावी ओढून घेतली. काल बैलाले सुट्टी झाली, आज तुले, असं म्हणून हसला आणि स्वतः चालवायला बसला. धर्मपालनं चावी दिली. मालकानं मागितली की द्यायची, एवढंच त्याच्या हाडात होतं. गाडी रस्ताभर नागमोडी चालली. समोरून सायकल येत होती. सायकल उडाली, माणूस मोरीच्या कठड्यावर आपटला. मालक, थांबा, उचलून घेऊ, असं धर्मपाल म्हणाला, तर रामरावानं गाडी आणखी पळवली. मागून एसटी येत होती, तिच्यातल्या लोकांनी त्या माणसाला उचललं असावं.

"कोण होतं थो सायकलवाला?" केशरबाईनं विचारलं.

"इनायतुल्ला गादीवाले," धर्मपाल म्हणाला.

इनायतुल्ला तिवस्याचा. सायकलीला पिंजण बांधून गावोगाव कापूस पिंजत फिरायचा. त्याच्या पिंजणाच्या तारेचा आवाज आला की पोरं धावत सुटायची. पायल शिकायला अमरावतीला गेली तेव्हा तिची गादी त्यानंच भरून दिली होती, आणि गादीचे टाके त्याच्या बायकोनं, खुर्शीदबीनं, केशरबाईच्या ओसरीत बसून घातले होते. दोघींनी एका ताटात भाकर खाल्ली होती.

रामरावाचं म्हणणं सरळ होतं. धर्मपालनं जीप घेऊन ठाण्यात जायचं आणि सांगायचं, गाडी मी चालवत होतो. पोलीस रक्त काढतील. काढू दे. पिऊन चालवणाऱ्याला सहा महिने आत टाकतात, पण धर्मपालच्या रक्तात दारू निघणारच नाही. म्हणजे नुसता अपघात. जामीन होईल, वकील मालकाचा. आणि पायलचं काय ते तू समजून घे, एवढं रामराव हळूच बोलला. पायल अमरावतीत, राजापेठेत रामरावाच्या बहिणीकडं, जमुनाबाईकडं राहून कॉलेज करत होती. दोन्ही वेळची भांडी घासायची आणि मागच्या खोलीत झोपायची.

केशरबाई नवऱ्याला नको नको ते बोलली. चावी दिलीच कशी, इथून सुरू झाली ती बापजाद्यांपर्यंत गेली. धर्मपालनं सगळं ऐकून घेतलं. पोरीचं शेवटचं साल हाये, पाण्यात राहून माशाशी वैर करता येत नाही, असं पुटपुटला, शर्टाच्या गुंड्या लावल्या आणि निघून गेला.

केशरबाईनं पदर खोचला आणि तीही निघाली. फाट्यावर काळी-पिवळी उभी होती, पण ड्रायव्हरनं तोंड उघडलं आणि भपकारा आला. तिनं त्याला दोन शिव्या हासडल्या आणि पायीच चालू लागली. चालता चालता तिच्या डोक्यात राग उलटासुलटा फिरत होता. रामरावाला दारुडा गडी चालत नव्हता. त्याला न पिणारा हवा होता. ज्यानं पाचवं शील पाळलं, त्यालाच तो म्हणत होता, आता चौथं मोड. खोटं बोलणार नाही हे चौथं. म्हणजे आपण उंबऱ्यात आडवं पडून जे कमावलं ते यासाठी? तिला भर रस्त्यात रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

तिवस्याच्या ठाण्यात सूर्यभान जमादार वेलदोडे चघळत बसला होता. करीच्या दिवशी माणूस वेलदोडे कशाला चघळतो ते केशरबाईला सांगायला नको. धर्मपाल बाकावर होता. जबाब अजून लिहायचा होता, मग दवाखान्यात नेऊन रक्त काढायचं होतं. इनायतुल्लाला अमरावतीला हलवलं होतं, शुद्ध नव्हती. सूर्यभाननं तिलाही कायदा समजावून सांगितला, बाई अडाणी आहे म्हणून सावकाश. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर दारू निघाली तर गुन्हा. तीसच्या आत असली तर कायदा काही म्हणत नाही. तुह्या नवऱ्याची तर शून्य निघन, मंग तू कावून भेतं? केशरबाईनं विचारलं, म्हणजे थोडी पिऊन चालवली तर सरकारले चालते का? सूर्यभान म्हणाला, कायदा तसाच हाये. वा रे कायदा, असं ती मनात म्हणाली. विहारात भन्तेजींनी शील देताना थोडी चालते असं म्हटलं नव्हतं.

सूर्यभाननं कागद ओढला. ती नवऱ्यापुढं जाऊन उभी राहिली.

"पायलचे बाबा, उभे राहा. पंचशील म्हणा."

सूर्यभान खेकसला, हे ठाणं हाये, विहार नाही. पण खेकसून गप्प बसला. बौद्ध माणसाला ठाण्यात पंचशील म्हणू दिलं नाही, ही बातमी बाहेर गेली की उद्या दारात मोर्चा, हे त्याला पक्कं माहीत होतं. धर्मपाल उठला. हात जोडले. रोज सकाळी म्हणायचा तसं पहिलं म्हटलं, दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. जीभ सवयीनं चालली होती. मग चौथं आलं. मुसावादा, एवढं म्हणून तो थांबला. तिनं वाट पाहिली. बाहेर पोरं लाकडी बैल घेऊन ओरडत चालली होती, तेवढं ऐकू येत होतं.

"म्हणता येत नसन तर नका म्हणू," ती म्हणाली. "पण मंग पाचवंही मले परत करा. थे मी कमावलं हाये."

धर्मपालचे जोडलेले हात खाली आले. "साहेब," तो सूर्यभानला म्हणाला, "जीप मालक चालवत होते. मी बाजूले बसलो होतो. मालक लय प्यालेले होते."

गोष्ट इथं संपली असती तर काय पाहिजे होतं! पण सूर्यभानला घाई नव्हती. आधी त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं, नीट आठव. मग चहा मागवला. मग ठाण्याच्या गाडीत डिझेल नव्हतं. मग शिपाई गेला तर रामराव जेवत होता, जेवणावरून माणसाला कसं उठवायचं? मग आंघोळ करत होता. दिवेलागणीला रामराव आला तो इस्त्रीच्या कपड्यात, कपाळाला टिळा, आंबट ताकाचे लोटे रिचवून. दवाखान्यात डॉक्टर जागेवर नव्हते, त्यांची वाट पाहण्यात आणखी वेळ गेला. केशरबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून हे सगळं पाहत होती आणि दर थोड्या वेळानं आत जाऊन विचारत होती, काढलं का रक्त? बैल गेला अन् झोपा केला, तशी ती सुई शेवटी एकदाची रामरावाच्या दंडात गेली.

पहाटे इनायतुल्ला अमरावतीत वारला.

पुढचं व्हायचं ते झालं. धर्मपालचं साल तुटलं. जमुनाबाईनं पायलची पेटी आणि ती गादी दारात काढून ठेवली. पायल गादी डोक्यावर घेऊन एसटीतून उतरली, आईला काही विचारलं नाही, दुसऱ्या दिवसापासून पहाटेच्या गाडीनं कॉलेजला जाऊ लागली. गावानं मात्र तोंडाचा पट्टा सोडला. मालकाचं मीठ खाऊन मालकालाच बुडवलं म्हणे. आणि हे बोलणारे तेच, ज्यांना त्या दिवशी धर्मपालच्या न पिण्याचं केवढं कौतुक होतं! काम कोणी देईना, तेव्हा धर्मपाल तिवस्यात हमाली करू लागला आणि केशरबाई खुर्शीदबीकडं गाद्यांना टाके घालायला जाऊ लागली. पिंजणाला आता हात कोणाचा नव्हता, कापूस यंत्रावरून पिंजून आणायचा आणि दोघींनी भरायचा. दोघी फारसं बोलत नसत. त्या दिवशी चावी कोणी दिली हे केशरबाईनं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. खुर्शीदबीनं हातातला टाका पुरा केला आणि म्हणाली, सुई ले.

इनायतुल्लाच्या मरणाचा चाळिसावा दिवस झाला आणि रामराव खुर्शीदबीच्या दारात आला. सोबत गावातली दोन वजनदार माणसं. केशरबाई आत गादी शिवत होती. रामराव ओट्यावर बसला, टोपी काढली, डोळ्याला रुमाल लावला. मी शुद्धीत नव्हतो खुर्शीदबी, असं म्हणाला. करीचा दिवस, लय झाली होती, समोरचं काही दिसत नव्हतं. दारूनं घात केला, मी नाही केला. अल्लाच्या नावानं माफ कर आणि कोर्टात एवढंच सांग, की आपली काही तक्रार नाही. सोबतच्यांनी माना डोलावल्या. दारू वाईटच, काय करणार, माणूस वाईट नाही. दारूच्या माथी मारलं की सगळे कसे मोकळे होतात! आत केशरबाईच्या बोटात सुई घुसली तरी तिला कळलं नाही. ती बाहेर येणार, तर खुर्शीदबीनं हातानं थांबवलं. खुर्शीदबी नरम बाई. मरणाऱ्यानंही जाताना कोणाचं वाईट चिंतलं नसेल असं म्हणायची. सोच के बताती, एवढंच ती रामरावाला म्हणाली. त्या संध्याकाळी तिनं केशरबाईला सांगितलं, पिये हुए आदमी पे क्या गुस्सा करना, मैं माफ कर देती. केशरबाईनं जेवण टाकून दिलं. पण बोलली नाही. माफ करणं त्या बाईच्या हातात होतं, तिच्या नाही.

मग रक्ताचा रिपोर्ट आला. सत्तावीस.

सूर्यभाननं हे तिला बाजारात सांगितलं, आणि सांगताना त्यालाही थोडी लाज वाटली असावी, कारण तो तिच्याकडं न पाहता वांगी निवडत होता. तीसच्या आत. पिऊन चालवल्याचं कलम गेलं, माणूस मेल्याचं तेवढं उरलं. केशरबाई म्हणाली, दुपारी पिऊन पडलेल्या माणसाचं रक्त दिवेलागणीला काढलं, मंग काय निघन? सूर्यभान म्हणाला, बाई, रक्त काढलं त्या वेळचं रक्त बोलते, दुपारचं कोणी पाहून ठेवलं? कायद्याच्या हिशेबानं रामराव शुद्धीत होता.

ती रात्रभर जळत राहिली. धर्मपाल म्हणाला, जाऊ दे, गाडी त्यानंच चालवली हे तर मी कोर्टात सांगनच. पण तिला सत्तावीस गिळता येईना. तीसला गुन्हा आणि सत्तावीसला सज्जन. मधले तीन मिलिग्रॅम कुठं गेले? सूर्यभानच्या चहात गेले, रामरावाच्या आंघोळीत गेले, डॉक्टरच्या रिकाम्या खुर्चीत गेले. रामरावानं तिकडं दुकानात पेढे वाटले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, म्या घोटही घेतला नव्हता, रिपोर्ट पाहा. त्याच्या पेढ्याचा तुकडा बौद्धवाड्याच्या तोंडाशीसुद्धा पडलेला तिला दिसला.

आठवडी बाजाराच्या दिवशी तो पुन्हा खुर्शीदबीच्या दारात आला. या वेळी वकील सोबत, कागद तयार. दोघी ओट्यावरच गादीला टाके घालत बसल्या होत्या. रामरावानं पुन्हा टोपी काढली, पुन्हा तेच सुरू केलं. मी शुद्धीत नव्हतो, खुर्शीदबी, दारूनं घात केला. खुर्शीदबीनं सुई गादीत खोचली आणि अंगठ्याला शाई लावायला हात पुढं केला. तिचं ठरलेलं होतं.

केशरबाई उठली नाही. आवाजही चढवला नाही. इतक्या दिवसांचा राग तिच्या घशाशी आला तो असा शांत होऊन आला.

"मालक, रक्तात किती निघाली थे सांगा न हिले."

वकील म्हणाला, त्याचा इथं काही संबंध नाही.

"संबंध कसा नाही? सत्तावीस निघाली. गावभर पेढे वाटले तुमी. म्या घोटही घेतला नव्हता म्हणता. आन् इथं येऊन म्हणता, मी शुद्धीत नव्हतो. दोन्हीतलं एक काय थे ठरवा. शुद्धीत नव्हते तर चला ठाण्यात, तसं लिहून द्या. शुद्धीत होते तर हिले सांगा, का शुद्धीत असून तुमी माणूस उडवला, शुद्धीत असून त्याले मोरीवर टाकून पळाले, आन् शुद्धीत असून माह्या नवऱ्याले तुमच्या जागी बसवाले निघाले."

ओट्यासमोर बाजाराला आलेली माणसं थबकली होती. त्यात दुकानातले पेढे खाल्लेलेही होते. रामरावानं वकिलाकडं पाहिलं, वकिलानं कागदाकडं. शुद्धीत नव्हतो म्हणावं तर कलम अंगावर येतं, शुद्धीत होतो म्हणावं तर खुर्शीदबी समोर बसलेली.

खुर्शीदबीनं पुढं केलेला हात मागं घेतला. शाईची डबी वकिलाच्या दिशेनं सरकवली.

"पियेले आदमी को मैं माफ करनेवाली थी," ती म्हणाली. "तुम तो होश में थे."

वकिलानं कागद घडी करून खिशात घातला. रामराव टोपी हातात धरून तसाच उभा राहिला, आणि दोघींनी पुन्हा सुया उचलून गादीचा राहिलेला कोपरा शिवायला घेतला.